विचारा की! : होस्टेलचा भोंगा ते ९०.४

मागच्या अंकात मी सहज एका ओळीत लिहून गेलो होतो की आमच्या होस्टेलवर पोरांनी चालवलेला एक ‘रेडिओ’ होता, आणि त्या एका ओळीवर एवढे मेल आणि व्हॉट्सॲप आले की ह्या महिन्याचं सदर त्यालाच देऊन टाकलं. दहावीनंतर कुठली साइड घ्यावी हे विचारणाऱ्यांनी पुढच्या अंकापर्यंत जरा दम धरा. नावं कुणाचीच छापली नाहीत, गावं तेवढी छापलीत.

उदगीर (बी.ए. दुसरं वर्ष): दादा, आम्हाला ‘विद्यार्थ्यांनी चालवलेल्या कॉलेज रेडिओचा इतिहास’ असा प्रोजेक्ट आहे. नेटवर सगळं अमेरिकेचंच सापडायलंय. आपल्याकडं काहीच नव्हतं का? आणि तुमच्या होस्टेलचं काय ते पण सांगा.

अमेरिकेचं सापडतंय कारण त्यांनी लिहून ठेवलं, एवढंच. आपल्याकडंही होतं, पण आधी त्यांचं उरकून घेतो कारण गोष्ट भारी आहे. १९३६ साली प्रॉव्हिडन्स गावातल्या ब्राउन युनिव्हर्सिटीत जॉर्ज अब्राहम आणि डेव्हिड बोर्स्ट ह्या दोन पोरांनी होस्टेलच्या खोल्याखोल्यांतून वायरी ओढल्या आणि खोलीत बसूनच कार्यक्रम सुरू केले, नाव ठेवलं ‘द ब्राउन नेटवर्क’. पोरांनी स्वतः चालवलेलं पहिलं कॉलेज स्टेशन म्हणून त्याचंच नाव घेतात. आता विद्यापीठांनी आणि प्रोफेसर लोकांनी चालवलेली स्टेशनं त्याच्याही आधी होती, हा फरक प्रोजेक्टमध्ये ठळक लिही, नाहीतर सर तिथंच मार्क कापतील.

ह्या पद्धतीला पुढं ‘कॅरिअर करंट’ नाव पडलं. कमी ताकदीचा एएम (जुन्या मीडियम वेव्हवाला) सिग्नल बिल्डिंगच्या लाइटच्या वायरिंगमध्येच सोडून द्यायचा, म्हणजे भिंतीतली वायर हीच अँटेना, मग तुम्ही खोलीत साधा रेडिओ लावला की स्टेशन लागतं आणि रस्त्यावर गेलात की गायब. डीपीच्या (लाइटच्या ट्रान्सफॉर्मरच्या) पलीकडं हा सिग्नल सहसा जात नाही, म्हणून मोठ्या कॅम्पसला दर बिल्डिंगला एक असे छोटे ट्रान्समीटर बसवायचे. १९४० मध्ये अशा स्टेशनांची संघटनापण झाली. मग १९४८ पासून तिथल्या सरकारनं कॉलेजांना फक्त १० वॅटचे एफएम परवाने द्यायला सुरुवात केली. १० वॅट म्हणजे किती, तर तुझ्या खोलीतला एलईडी बल्ब साधारण ९ वॅटचा असतो. त्या बल्बाएवढ्या ताकदीवर तिकडं अख्ख्या पिढ्या बोलायला शिकल्या. ब्राउनच्या पोरांचं स्टेशन १९६६ ला एफएमवर गेलं, चांगलं मोठं झालं, आणि २०१७ मध्ये त्यांनी ती फ्रिक्वेन्सी विकून टाकली आणि इंटरनेटवर गेले. खोलीतल्या वायरीपासून निघाले आणि फिरून वायरीतच आले म्हण.

आता आपलं. ‘आकाशवाणी’ हा शब्द सरकारी वाटतो ना? तो मुळात एका कॉलेजच्या प्रोफेसरच्या घरातून आलाय. म्हैसूरच्या महाराजा कॉलेजात मानसशास्त्र शिकवणारे एम. व्ही. गोपालस्वामी, त्यांनी १९३५ मध्ये स्वतःच्या घरी ३० वॅटचा ट्रान्समीटर लावला, तिथल्या स्टेशनचं नाव ‘आकाशवाणी’. पुढं १९४२ ला म्हैसूर संस्थाननं ते ताब्यात घेतलं, आणि १९५० च्या दशकात तेच नाव अख्ख्या ऑल इंडिया रेडिओला लागलं. हे विद्यार्थ्यांचं स्टेशन नव्हतं, मान्य, पण कॉलेज आणि रेडिओ ह्यांचं नातं आपल्याकडं किती जुनं आहे ते सांगायला प्रोजेक्टचं पहिलं पान झालं की नाही? आणि अजून एक, मराठवाड्याचा पोरगा आहेस म्हणून सांगतो, निजामाच्या काळात औरंगाबादला रेडिओ स्टेशन होतं. संस्थानं विलीन झाल्यावर १९५० पर्यंत ऑल इंडिया रेडिओनं संस्थानांची जी पाच स्टेशनं घेतली त्यात हैदराबाद, म्हैसूर, त्रिवेंद्रम, बडोदा आणि आपलं औरंगाबाद. आमच्या पिढीला हे कुणी शाळेत सांगितलं नाही.

त्यानंतर मात्र लई वर्षं सामसूम. हवा सरकारची, बोलणार सरकार. १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टानं क्रिकेट असोसिएशन ऑफ बंगालच्या खटल्यात सांगितलं की हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे (भांडण क्रिकेटच्या मॅच दाखवण्यावरून होतं, फायदा रेडिओचा झाला). २००२ च्या शेवटी सरकारनं शिक्षणसंस्थांना परवानगी द्यायचं ठरवलं आणि १ फेब्रुवारी २००४ ला चेन्नईच्या अण्णा युनिव्हर्सिटीचं ‘अण्णा एफएम’ ९०.४ वर सुरू झालं, देशातला पहिला कॅम्पस रेडिओ. आपल्या राज्यात पुणे विद्यापीठाचं ‘विद्यावाणी’ १०७.४ वर आलं, आणि मराठवाड्यात संभाजीनगरला रेडिओ एमजीएम ९०.८ आहे, तुला जवळ पडेल, एक दिवस जाऊन बसून ये, नेटवर शोधण्यापेक्षा जास्त मिळेल.

आता आमच्या होस्टेलचं. त्याला रेडिओ म्हणणं म्हणजे लुनाला बुलेट म्हणण्यासारखंच. १७ सप्टेंबरच्या झेंडावंदनासाठी रेक्टरच्या खोलीत एक अहुजाचा ॲम्प्लिफायर आणि तीन भोंगे वर्षभर पडून असायचे. ९७ साली फिजिक्सच्या एका सीनियरनं रेक्टरला पटवलं की सामान पडून राहिलं तर खराब होतं, रोज थोडं चालवायला पाहिजे. रेक्टर भला माणूस, हो म्हणाला. तीन पॅसेजमध्ये तीन भोंगे, एक टेपरेकॉर्डर, एक माइक ज्याची मान सुतळीनं बांधलेली होती, आणि रोज रात्री साडेआठ ते नऊ आमचं ‘केंद्र’. आमच्यातली निम्मी पोरं मेसला नसायची, त्यांचे डबे गावाकडून एसटीनं यायचे, त्यामुळं आमची सगळ्यात महत्त्वाची बातमी म्हणजे कुठली गाडी आली आणि कुठली रस्त्यात पंक्चर झाली. ‘किल्लारीच्या गाडीचे डबे स्टँडवर आलेले आहेत, ज्यांचे असतील त्यांनी दोन डबे जास्तीचे घेऊन यावेत, पाचव्या खोलीतल्या दोघांना ताप आहे.’ हे असं. मग उद्याच्या प्रॅक्टिकलच्या बॅचेस, मग दोन गाणी, मग कुणाची तरी कविता जी आम्ही थांबवू शकायचो नाही.

एका २०० पानी वहीत रोजची नोंद असायची, कोण बोललं, काय लावलं, किती वाजता बंद केलं. वहीत सगळ्यात जास्त वेळा आलेला शब्द म्हणजे ‘लाइट गेली’.

आणि मग ते डाळीचं प्रकरण. गाणं सुरू होतं, माइकचं बटण बंद करायचं राहिलं, आणि आमच्यातला एक जण मेसच्या डाळीबद्दल आणि मेस चालवणाऱ्याच्या खानदानाबद्दल जे काही बोलला ते तिन्ही पॅसेजमध्ये गाण्याच्या वरून ऐकू गेलं. मेसवाला त्यावेळी खाली भांडी मोजत होता. अकरा दिवस केंद्र बंद. कोण बोललं ते मी आजही सांगणार नाही.

२००० साली आमची बॅच पांगली. ज्याला शिकवायचं त्याला कुणी नीट शिकवलं नाही, ॲम्प्लिफायर गणपतीला कुणीतरी नेला तो परत आलाच नाही, वही रद्दीत गेली. म्हणून म्हणतो, तुला आपल्याकडचं काही सापडत नाही ह्यात तुझी चूक नाही, पोरं तीन वर्षांत कॉलेज सोडतात आणि जाताना आठवण पण घेऊन जातात. प्रोजेक्टसाठी तुझ्याच कॉलेजच्या जुन्या शिपायाला, लायब्ररीवाल्याला विचार. ते तीस-तीस वर्षं तिथंच असतात.

लातूर (प्राध्यापक): आमच्या महाविद्यालयाला स्वतःचं एफएम केंद्र काढायचं आहे. परवाना विद्यार्थी परिषदेच्या नावावर मिळेल का? व्यवस्थापन म्हणतं फार लफडी आहेत.

सर, विद्यार्थ्यांच्या नावावर नाही मिळत. परवाना संस्थेच्या नावावर, चालवायला पोरं, अशीच रचना करावी लागते. एकट्या माणसाला, राजकीय पक्षाला मिळत नाही. अर्ज केंद्र सरकारच्या माहिती-प्रसारण खात्याकडं, मग इतर खात्यांच्या ना-हरकती, मग फ्रिक्वेन्सी, मग करार. लफडी आहेत हे व्यवस्थापनाचं म्हणणं खोटं नाही, पण कॉलेजला नॅकच्या फाइली करता येतात तर हे काहीच नाही.

ताकद जास्तीत जास्त १०० वॅट, अँटेना जमिनीपासून ३० मीटरपर्यंत. निम्मा तरी कार्यक्रम स्थानिक पाहिजे, आणि खरं सांगू का, इथंच सगळ्या केंद्रांची दमछाक होते, कारण रोज नवीन आणायचं कुठून, मग शेवटी गाणी लावतात, आणि सिनेमाची गाणी लावायची म्हणजे हक्काचे पैसे वेगळे. जाहिराती २०२४ च्या नियमांनी तासाला १२ मिनिटं चालतात. स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्या जशाच्या तशा देता येतात. पण परीक्षा, निकाल, ॲडमिशन, हवामान, वीज-पाणी ह्या सूचना बातम्यांत मोजत नाहीत. सर, तुम्ही लातूरचे, २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं ते तुम्ही बघितलंय. त्या उन्हाळ्यात ‘आज कुठल्या भागात टँकर’ एवढं एकच दिवसातून चार वेळा सांगणारं स्टेशन असतं तर लोक रेडिओ उशाला घेऊन झोपले असते. तेव्हा कार्यक्रम काय करायचे हा प्रश्न तुम्हाला पडायला नको.

एक गोष्ट नियमात आहे ती सगळे कंटाळा करत पाळतात, तुम्ही हौसेनं पाळा: लागलेले कार्यक्रम तीन महिने जपून ठेवावे लागतात. तीन महिने झाल्यावर पुसू नका. हार्ड डिस्क काही महाग राहिली नाही. आणि दरवर्षी जूनमध्ये जुन्या पोरांनी नव्या पोरांना चाव्या, पासवर्ड आणि वही, तिन्ही सही घेऊन द्यायचं असं ठरवून टाका. सरांच्या भरवशावर चालणारी केंद्रं सरांची बदली झाली की संपतात, रागवू नका.

केज (बीड): कॉलेजचा रेडिओ माझ्या गावात लागत नाही, गाव २५ किलोमीटरवर आहे. पण आजोबांच्या जुन्या रेडिओवर परभणी केंद्र लागायचं, ते तर शंभर किलोमीटर. मग कॉलेजवाल्यांनी स्वस्तातली मशीन घेतली का?

नाही बाबा, मशीनला दोष देऊ नको. दोन्ही रेडिओच, पण जात वेगळी. परभणी मीडियम वेव्हवर, १३०५ किलोहर्ट्झ, त्या लहरीची लांबी साधारण २३० मीटर. एवढी मोठी लहर जमिनीला धरून चालते, टेकडी आली तरी वळसा घालून जाते. एफएमची लहर जेमतेम ३ मीटर, ती आपली सरळ नाकासमोर, मध्ये डोंगर आला की अडली. आणि तुमच्याकडं तर बालाघाटच्या रांगा. वरून तिथं किलोवॅटमधला ट्रान्समीटर आणि इथं १०० वॅट. त्यामुळं कॉलेजचं स्टेशन दहा-पंधरा किलोमीटर नीट ऐकू आलं तरी डोक्यावरून पाणी. गच्चीवर जा, माळवदावर चढ, कदाचित थोडं येईल.

आजोबांना विचार, रात्री त्या रेडिओवर लांबलांबची भाषा न कळणारी स्टेशनं खरखरत यायची का म्हणून. यायची. दिवसा वातावरणाचा एक थर मीडियम वेव्ह गिळून टाकतो, सूर्य मावळला की तो थर विरतो आणि त्याच्या वरच्या थरावर आपटून लहरी शेकडो किलोमीटर लांब उतरतात. आमचे वडील ह्याला ‘रात्री हवा पातळ होते’ म्हणायचे. फार काही चूक नव्हते.

परभणी: मोबाइलमध्ये एफएम लावायला इअरफोनच का लागतो?

ती वायरच अँटेना असते. एफएमला पाऊण मीटरच्या आसपास लांबीची वायर झकास चालते आणि इअरफोन साधारण तेवढाच किंवा थोडा मोठा असतो. ब्लूटूथवाला कानात घालून ‘रेडिओ खराब आहे’ म्हणणारे तीन मेल आलेत. खराब नाही.

जालना (बी.एस्सी., मुलगी): आमच्या कॉलेजच्या रेडिओत मुलींना फक्त ‘आजचा सुविचार’ आणि पाककृती देतात. मशीनच्या खोलीत मुलंच. मी बोलले तर म्हणतात, तुला जमणार नाही, फेडर जळेल.

ताई, फेडर ही वर-खाली सरकवायची पट्टी आहे, ती सरकवून जळत नाही. जो असं म्हणाला त्यालाच ती कशी चालते ते विचार आणि तोंड बघ.

तुला एक पत्ता देतो. बिदरच्या पुढं जहीराबाद, तिथं माचनूर गावात ‘संघम रेडिओ’ आहे, १५ ऑक्टोबर २००८ ला सुरू झाला, देशात स्वयंसेवी संस्थेनं सुरू केलेला पहिला सामुदायिक रेडिओ, २००६ पर्यंत परवानगी फक्त शिक्षणसंस्थांनाच होती. तो चालवतात गावातल्या दलित बायका, शेतात राबणाऱ्या. रेकॉर्डिंग, एडिटिंग, मशीन, सगळं त्याच. आणि परवाना मिळायच्या आधी बरीच वर्षं त्या कार्यक्रम कॅसेटवर भरून ठेवायच्या आणि बचतगटासारख्या बैठकीत टेपवर लावून ऐकवायच्या. बाजरी, बियाणं, बाळंतपण, जे त्यांच्या रोजच्या जगण्यात आहे तेच. २०२४ च्या नियमांत तर केंद्राच्या सल्लागार समितीत निम्म्या बायका पाहिजेत असंही आलंय, तो कागद प्रिन्ट काढून सरांना दे. हळू बोलून दे, पण दे.

आणि पाककृतीचा कार्यक्रम सोडू नकोस. त्यात एकदा होस्टेलच्या पोरांनी बनवलेली खिचडी ऐकव. त्यांच्याच तोंडून.

नांदेड: मागच्या अंकातली तुमच्या होस्टेलच्या रेडिओची ओळ वाचली. सर, मी त्याच होस्टेलला होतो, तुमच्यानंतर दोन वर्षांनी. स्टोअर रूम झाडताना दोन कॅसेट सापडल्या होत्या, एकीवर पेननं ‘केंद्र – गॅदरिंग ९८’ लिहिलंय. आत पांढरं पांढरं काही तरी आहे. फेकवत नाहीत. ऐकता येतील का?

हे पत्र वाचून मी चहा तसाच ठेवला, दोनदा गरम करून घेतला.

मित्रा, आधी एक काम कर, अजून काही करायच्या आत. कॅसेटच्या वरच्या कडेला दोन कोपऱ्यांत दोन छोट्या प्लॅस्टिकच्या चकत्या असतात, त्या शाबूत असतील तर स्क्रू ड्रायव्हरनं मोडून टाक. त्या मोडल्या की त्याच्यावर चुकून नवीन रेकॉर्डिंग होऊ शकत नाही. कित्येक जुन्या कॅसेट प्ले आणि रेकॉर्ड ही दोन बटणं एकत्र दाबून मेल्यात.

पांढरं आहे ते बुरशी. टेपमध्ये अजिबात घालू नकोस, बुरशी हेडला (टेप वाचणाऱ्या भागाला) लागते आणि पुढच्या कॅसेटला पण जाते. तोंडाला रुमाल बांध. कॅसेट डब्यात घालून सोबत त्या बुटांच्या खोक्यात येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाक आणि आठ-दहा दिवस कोरडी होऊ दे, उन्हात ठेवू नकोस, टेप वाकडी होते. चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक असे पाच स्क्रू असलेली कॅसेट असेल तर उघडून टेपचे गोळे जसेच्या तसे दुसऱ्या चांगल्या कवचात बसवता येतात, टेपखालचा तो बारीक फोमचा किंवा फेल्टचा तुकडा गळून पडला असेल तर दुसऱ्या कॅसेटचा लाव, नाहीतर आवाज नीट येत नाही. स्क्रू नसलेली, चिकटवलेली असेल तर तू हात लावू नकोस, टेप दुरुस्त करणारा जुना माणूस गाठ. नांदेडात असेल एखादा, वजिराबादला विचारून बघ.

मग पेन्सिलीनं हळूच फिरवून बघ मोकळी आहे का, आणि एकदा पुढं पूर्ण, एकदा मागं पूर्ण गुंडाळून घे, म्हणजे चिकटलेले पदर सुटतात. डेकचं (टेपरेकॉर्डरचं) हेड आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून घे. आवाज गोधडीखालून आल्यासारखा वाटला तर हेडच्या शेजारी एक बारीक स्क्रू असतो, कॅसेट चालू असतानाच तो किंचित फिरवत जा, एका जागी ‘स’ आणि ‘श’ एकदम लख्ख होतात, तिथं थांब. कॅसेटवर सी-९० लिहिलेलं असेल तर जास्त सांभाळून, तिची टेप सी-६० पेक्षा पातळ असते. डेकच्या लाइन आउटमधून वायर लॅपटॉपला लाव आणि ऑडॅसिटी ह्या सॉफ्टवेअरमध्ये वेव्ह फाइल भर, एमपीथ्री नंतर करता येते. पहिल्यांदा वाजवशील तेव्हाच रेकॉर्डिंग लावून वाजव, कारण दुसऱ्यांदा वाजेलच असं नाही.

फाइलीला नाव देताना कोण बोलतंय ते माहीत नसेल तर मला पाठव, आमच्यातल्या चार जणांचे नंबर आहेत माझ्याकडं, आवाजावरून सांगतील. आणि गॅदरिंगच्या मागच्या बाजूला जर साधारण साडेआठ-नऊच्या मध्ये कुठं गाण्याच्या वरून कुणी डाळीबद्दल बोलताना ऐकू आलं, तर ते आधी मलाच फोन करून सांग. बायको आणि पोरगी दोघी हे सदर वाचतात.